तुझ्या व्याख्येतले दुसरे वाक्य

यशवंता,

तुझ्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तिकेतून तुझेच एक वाक्य वगळण्याचा ठराव परवा बहुमताने मंजूर झाला. विरोधी मत एकच पडले आणि ते माझे होते. तू हे ऐकून हसला असतास, कारण त्या वाक्याला उभ्या बडोद्यात सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट विरोधक कोणी असेल, तर तो मीच आहे.

आपल्या अभ्यासमंडळासाठी तू ‘दहशतवाद कशाला म्हणावे’ या विषयावर व्याख्यान लिहून ठेवले होतेस. ते देण्याच्या आदल्या आठवड्यात तू गेलास. व्याख्यानाच्या अखेरीस तू दोन वाक्यांची व्याख्या केली आहेस. पहिले वाक्य सर्वांना आवडले. ते तुझ्या फोटोखाली ठळक अक्षरांत येणार आहे. दुसऱ्या वाक्यात तू जमावाचा आणि गणवेशाचा उल्लेख केलास, आणि मारणाऱ्याने का मारले हे विचारण्याचा हक्क मागितलास. ते वाक्य गाळायचे आहे. कारण विचारले तेव्हा वातावरण ठीक नसल्याचे सांगण्यात आले. मी वकिली करून म्हातारा झालो, परंतु वातावरण नावाचा पक्षकार अद्याप एकदाही माझ्यासमोर साक्षीला उभा राहिलेला नाही. तो नेहमी दुसऱ्याच्या तोंडून बोलतो.

हरणीला तुझ्या सोसायटीत तुझे बेसणे, म्हणजे शोकाची बैठक, झाले. आपल्या आजोबांच्या काळी आपल्या घरांत ही पद्धत नव्हती. बडोद्यात राहून आपणही शेजाऱ्यांसारखे पांढरे कपडे घालून, फोटोला हात जोडून, काही न बोलता थोडा वेळ बसायला शिकलो. न बोलण्याचा हा रिवाज मला फार सभ्य वाटत आला आहे. त्या दिवशी मात्र दोन गृहस्थांना चपला पायांत घालेपर्यंतही दम निघाला नाही. सख्खा भाऊ बाँबमध्ये गेला तरी हा माणूस जन्मभर ‘त्यांची’ बाजू घेत राहिला, असे एक दुसऱ्याला गुजरातीत सांगत होता. मी पुढे होऊन विचारले की कोणाची बाजू, कधी घेतली, आणि आपण ती कोठे ऐकली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जवा दो ने, वकीलसाहेब. आजे नहीं.” आज नाही. मेलेल्या माणसाची बदनामी करायला आजचा दिवस चालतो. तिचा पुरावा मागायला चालत नाही.

मला किळस आली. हा शब्द मी सहसा वापरत नाही. अर्जात आणि नोटिशीत तो शोभत नाही. परंतु तू गेल्यापासून मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

दिगूला विसरून तुझ्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून ते लिहितो. तुझा धाकटा भाऊ दिगंबर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. सासरकडच्या लग्नासाठी परगावी गेला आणि चपलेचा अंगठा तुटला म्हणून बाजारात चांभारापाशी थांबला. तिथे बाँब फुटला. ओळख पटवायला तुझ्याबरोबर मी आलो होतो. तेथील अंमलदाराने तुला खूण विचारली आणि तू चपलेकडे बोट दाखवलेस. मग म्हणालास, “अंगठा शिवून झालाय.” तेवढेच. परतीच्या वाटेवर मी संतापाने बोलत होतो, भर चौकात फाशी द्यायला हवी वगैरे, आणि तू खिडकीबाहेर पाहत होतास. माझे कोणी गेले नव्हते, यशवंता. तरी ओरडत मीच होतो.

त्यानंतर मी वर्तमानपत्रांना पत्रे लिहू लागलो. देशात कोठेही असे काही घडले की माझे पत्र जाई. भाषा कडक असे, कलमे अचूक असत, आणि तुझी सही मी दर वेळी मागत असे. तू एकदाही केली नाहीस. त्याऐवजी तू तुझा तो खेळ सुरू केलास. रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या वाचनालयात आपण बसायचो. तू वर्तमानपत्रातली एखादी बातमी काढून, शाळेत इतिहास शिकवताना नकाशावर ठेवायचास त्या लाकडी पट्टीने त्यातली नावे झाकायचास. मारणाऱ्याचे, मेलेल्यांचे, गावाचे. उरलेला मजकूर मला वाचायला लावायचास आणि विचारायचास, “बोला मायलॉर्ड. हा दहशतवाद आहे की नाही? निकाल आधी, नाव नंतर.”

हा अत्यंत चीड आणणारा खेळ होता. कारण मी वकील आहे. वस्तुस्थिती समोर ठेवली की मला निकाल देता येतो, आणि मी देत असे. एकदा तू अशीच एक जुनी बातमी ठेवलीस. बाजाराचा दिवस, निःशस्त्र माणसे, त्यांच्याकडून काहीही आगळीक नाही, आणि गावाला धडा बसावा म्हणून घरांत शिरून केलेली कत्तल. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, दहशतवाद, यात शंका कसली. तू पट्टी उचललीस. करणारे आपले होते. मी सांगत होतो की ही वेगळी बाब आहे, तेव्हा परिस्थिती निराळी होती, हे जमावाचे कृत्य होते, त्याला दंगल म्हणतात आणि दंगलीचे कलम स्वतंत्र आहे. तू शांतपणे चहा पीत होतास. “कलम स्वतंत्र असू दे की. मेलेल्याला कोणत्या कलमाखाली मेलो ते कळतं का?”

मी आजही म्हणतो की कलम स्वतंत्रच असले पाहिजे. हे मी तुला तेव्हा नीट समजावून सांगू शकलो नाही, म्हणून आता लिहितो. कायद्याचा शब्द चाकूसारखा असावा लागतो. त्याने एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता आली पाहिजे. दंगेखोर, अत्याचारी शिपाई, बाँब ठेवणारा, या सर्वांना तू एकाच शब्दात कोंबलेस तर त्या शब्दाचे पोते होते, आणि पोत्याने काही कापता येत नाही. राज्यसत्तेने केलेल्या हत्येला जाब विचारण्याचे मार्ग निराळे आहेत. ते अपुरे आहेत, मान्य. ते बहुधा बंदच असतात, हेही मान्य. तरी ते निराळे आहेत. यावर तू म्हणायचास, “बंद दाराला मार्ग म्हणायचं तर भिंतीला काय म्हणू?” आणि मी चिडून उठायचो. पुढच्या रविवारी पुन्हा यायचो. तुझ्याशिवाय माझ्याशी इतक्या मन लावून भांडणारा या गावात होता कोण?

मात्र एका मुद्द्यावर तू मला कायमचे निरुत्तर केलेस, आणि हे मी तुझ्या हयातीत कबूल केले नाही ते केवळ तू माजशील म्हणून. मी तुला नेहमी सांगत असे की फौजदारी कायद्याला हेतूशी कर्तव्य नसते. मारायचे होते का, एवढेच कायदा विचारतो. कशापायी मारायचे होते, हे पुराव्याला उपयोगी पडले तर पडले, गुन्हा त्यावाचून अडत नाही. तेव्हा दहशतवाद्याच्या कारणांची चर्चा हा रिकाम्या प्राध्यापकांचा उद्योग आहे. तू माझे सगळे ऐकून घेतलेस. मग म्हणालास की साध्या खुनाच्या बाबतीत हे पटते, परंतु या एका गुन्ह्याचे तसे नाही. इथे एकाला मारायचे ते दुसऱ्याला भिववण्यासाठी, सरकारला वाकवण्यासाठी, एखादी मागणी पुढे रेटण्यासाठी, हे व्याख्येतच लिहावे लागते. ते काढले तर उरतो तो निव्वळ खून, ज्यासाठी जुने कलम पुरेसे आहे. “म्हणजे तुझ्या साऱ्या कायद्यात ‘कशासाठी’ला बाहेरच्या बाकावर बसवलंय, आणि याच एका गुन्ह्यात त्याला आत बोलावून खुर्ची दिलीय. आणि मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तर मला देशद्रोही म्हणणार?”

जगातली राष्ट्रे एकत्र बसून आजवर एका व्याख्येवर का येऊ शकली नाहीत, याचे यापेक्षा स्वच्छ स्पष्टीकरण मी कोठेही वाचलेले नाही. प्रत्येकाला ‘कशासाठी’ दुसऱ्याचे पाहिजे असते. स्वतःच्या माणसाचे आले की तो क्रांतिकारक होतो, मग त्याची तसबीर भिंतीवर लागते. आपल्याही घरांत अशा तसबिरी आहेत, आणि तू त्यांच्याकडे बोट दाखवलेस तेव्हा मी दोन रविवार तुझ्याशी बोललो नव्हतो.

दिगूच्या खटल्याला त्या परगावच्या न्यायालयात मी काही वेळा तुझ्याबरोबर आलो. एका तारखेला मेलेल्यांची नावे वाचली जात होती. दिगंबरचे नाव आले तेव्हा आरोपींतल्या एकाने जांभई दिली. तोंडापुढे हात धरून, सभ्यपणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर आल्यावर तू म्हणालास की तो सैतानासारखा दिसला असता तर बरे झाले असते; तो तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरसारखा दिसत होता. त्यानंतर तू कारणांच्या मागे लागलास. गरिबीने हे होते असे म्हणणाऱ्यांना मी वाघोडियाच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी माणसे दाखवायचो. ती काही बाँब लावत फिरत नाहीत. तुला ते पटले. अडाणीपणा म्हणावा तर बाँब करणारे शिकलेले होते. धर्म म्हणावा तर तोच धर्म पाळणारे कोट्यवधी लोक सकाळी उठून दुकान उघडतात. अपमान, सूड, परकी पैसा, एखादा गोड बोलणारा गुरू, चार मित्रांची टोळी, यांतले प्रत्येक कारण तू उचलून पाहिलेस आणि थोडे थोडे सगळ्यांत सापडते म्हणून परत ठेवलेस. शेवटी शेवटी तू म्हणालास की परिस्थिती तुला कळली, कारण कळले नाही. त्याच गल्लीतून, त्याच अपमानातून गेलेले बाकीचे सगळे घरी जाऊन जेवले. हाच का गेला?

ही तुझी ‘त्यांची बाजू’. एवढ्या वर्षांत तू एकाही मारेकऱ्याबद्दल कणव दाखवलेली मी ऐकली नाही. उलट त्यांची पत्रके वाचताना तुझ्या चेहऱ्यावर जी शिसारी दिसे ती माझ्या सर्व पत्रांत मिळून नव्हती. अन्यायाची इतकी सुबक वर्णने, तू म्हणायचास, आणि त्यांत बाजारात उभ्या असलेल्या माणसाला एक ओळ नाही.

त्या आरोपींपैकी एकजण पुढे निर्दोष सुटला. त्याच्याविरुद्ध आणलेला पुरावा टिकला नाही. तो जांभई देणारा नव्हे, दुसरा. त्याचे तारुण्य तोवर तुरुंगातच संपले होते. तू मला विचारलेस, “पहिल्या दिवसापासून आपण त्याला त्या शब्दाने हाक मारली. आता तो शब्द परत कोण घेणार?” मी उत्तर दिले की निर्दोष सुटणे आणि निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा वाद तिथेच थांबला. तुला खोकल्याची उबळ आली आणि वहिनी पाणी घेऊन आल्या. तो आपण पुन्हा काढला नाही. मी माझे उत्तर कायद्याने बरोबर समजतो. फक्त त्यानंतर कोणत्याही पत्रात तो शब्द लिहिताना मी आधी थांबतो, आणि न्यायालयाने दोषी ठरवले आहे का ते पाहतो. ही सवय तुझी आहे. तिच्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

आता परवाच्या सभेचे सांगतो. आपले अध्यक्ष बापूसाहेब आणि कार्यवाह मकरंद यांनी मला आधीच बाजूला घेतले. मकरंद चांगला मुलगा आहे, नोकरी सांभाळून मंडळाचे सगळे करतो, परंतु त्याला कोणाचेही मन दुखवायचे नसते आणि त्यामुळे तो धोकादायक आहे. “काका, एकच तर वाक्य आहे ने. पहिल्यात सगळं येऊन जातं.” मी म्हणालो की सगळे येत असते तर त्याने दुसरे लिहिले नसते. मग त्याने हॉल मिळण्यातल्या अडचणी सांगितल्या, सभासदांच्या भावना सांगितल्या, कोणी तरी वाक्याचा फोटो काढून मोबाइलवर फिरवील आणि मग काय काय होईल तेही सांगितले. बापूसाहेबांचा मुद्दा निराळा होता. त्यांनी तुझ्या कुटुंबाची काळजी वाहिली. ज्यांनी भावाला मारले त्यांना समजून घ्या असे सख्ख्या भावानेच लिहिलेले छापले, तर वहिनींना आणि दिगूच्या पत्नीला केवढ्या यातना होतील? मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुमचा तर या वाक्याला विरोधच होता. तुमच्याच मनासारखं होतंय.”

यशवंता, इतका घाणेरडा विजय मला कोणी कधी देऊ केला नव्हता. तू नावे झाकायचास ती खरे दिसावे म्हणून. या मंडळींना तुझे नाव मोठ्या अक्षरांत हवे आहे आणि म्हणणे झाकायचे आहे. मी बापूसाहेबांना सांगितले की प्रतिपक्ष मेला म्हणून दावा जिंकल्याचे समाधान वकिलाला होत नसते. ते म्हणाले की हे न्यायालय नव्हे, श्रद्धांजली आहे. मत घेतले गेले. हात वर झाले. त्यांत तू ज्यांच्या मुलांना फुकट शिकवलेस त्यांचेही हात होते.

यातनांचा मुद्दा मात्र मला टाळता येण्यासारखा नव्हता. कुटुंबाला ते वाक्य खरोखरच नको असेल तर मला बोलण्याचा अधिकार काय? म्हणून काल हरणीला गेलो. सुमतीवहिनींबरोबर दिगूची पत्नी शालिनीही होती. दिगू गेल्यापासून ती प्रतापनगरच्या जवळच भाड्याने राहते, तुझ्या दिवसांसाठी आली होती. मी जे घडले ते क्रमाने सांगितले आणि दोन्ही वाक्ये वाचून दाखवली. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही दोघे बाहेर तावातावाने बोलायचात तेव्हा आम्ही दोघी आत असायचो. तुम्हाला वाटायचं हे खूळ यांनी पुस्तकांतून आणलं. हिने विचारलं होतं यांना. दिगूभाऊजींना आणलं त्या दिवशी. कशासाठी मारलं हो दादा, एवढंच. यांना उत्तर देता आलं नाही.”

मला हे ठाऊक नव्हते. इतक्या रविवारांत तू मला हे एकदाही सांगितले नाहीस. सांगितले असतेस तर मी गप्प बसलो असतो, आणि बहुधा म्हणूनच सांगितले नाहीस. तुला माझे गप्प बसणे नको होते.

शालिनी नेहमी कमी बोलते. तिने ते दुसरे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. ऐकून झाल्यावर तिने विचारले की यातले कापायचे काय आहे. मी म्हणालो, सगळेच. ती म्हणाली, “तो माझा प्रश्न आहे. मी विचारला म्हणजे मी त्यांची वकील झाले का?”

तेव्हा माझा निर्णय असा आहे. मंडळाच्या पुस्तिकेसाठी माझ्याकडून मागितलेला स्मृतिलेख मी देणार नाही, आणि सभासदत्वाचा राजीनामा या पत्राच्या प्रतीसह मकरंदकडे पोचता करत आहे. वहिनी त्यांना तुझे व्याख्यान छापायला देणार नाहीत. तसे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कळवले. माझे हे पत्र मी छापून घेणार आहे. रविवारी तुझ्या शोकसभेच्या वेळी हॉलच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते देईन. शालिनी माझ्याबरोबर उभी राहणार आहे. नको म्हणून पाहिले; तिने ऐकले नाही. कोणी फाडून टाकील, कोणी फोटो काढून फिरवील, कोणी मला तो शब्द लावील. लावू देत. निदान तो लावण्यापूर्वी त्यांना हे वाचावे लागेल:

“ज्यांच्याशी आपले भांडण नाही अशा निःशस्त्र माणसांना, दुसऱ्या कोणाला भिववून वाकवण्यासाठी, जाणूनबुजून मारणे किंवा मारण्याची धमकी देणे म्हणजे दहशतवाद. हे करणारा कोणत्या झेंड्याखाली, कोणत्या गणवेशात किंवा कोणत्या जमावात उभा आहे यावरून या शब्दाचा अर्थ बदलत नाही, आणि त्याने हे का केले असे विचारणारा माणूस त्याचा बचाव करत नसतो.”

यातले पहिले वाक्य मला मान्य आहे. दुसऱ्यातील गणवेशाचा आणि जमावाचा भाग मला अमान्य आहे, आणि हात चालतो तोवर मी त्याविरुद्ध लिहीत राहीन. दोन्ही वाक्ये तुझी आहेत.